सत्त्याऐंशी

भिवापूरच्या बाजारओळीत, मिरचीच्या गोदामाला लागून
चिंधुजी ठवकरांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान.
त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे, म्हणून संध्याकाळी मी तिथे.
दिवसा पॉलिटेक्निकला तासिका तत्त्वावर शिकवते,
आणि इथे टेबलाच्या कोपऱ्यावर, वार्निशच्या डब्याशेजारी,
नखाएवढ्या चिपवर एक ऑपरेटिंग सिस्टिम उतरवते.

उतरवते म्हणजे काय, चिंधुजींनी एकदा विचारलं.
मी म्हटलं, दुसऱ्या मोटरचं वाइंडिंग ह्या बॉडीत बसवायचं.
खाचा कमी, जागा कमी, तार तीच.
"मंग बसन," ते म्हणाले, "पन शिव्या खाऊन बसन."

सिस्टिम छोटीच. सहा हजार ओळी,
कुणा दूरच्या माणसाने दुसऱ्या, थोराड चिपसाठी लिहिलेल्या.
ज्याची वेळ झाली त्याला उठवायचं,
चालू असलेल्याला थांबवायचं,
आणि थांबवलेल्याला कळूही द्यायचं नाही
की तो थांबला होता.
सेकंदाला हजारदा.

बोर्ड प्रणयने मागवले. पाच, निळे.
पहिल्यावर दिवा लागलाच नाही.
दुसऱ्यावर लागला, पण दीडपट घाईत:
क्रिस्टल बाराचा, मी आठाचा धरलेला.
तो आकडा बदलला. दोन दिवे, दोन टास्क,
एक सावकाश, एक लगबगीने.
आम्ही चहा मागवला.

अकराव्या मिनिटाला दोन्ही विझले.

मग नऊ संध्याकाळी.
अकरा मिनिटं नीट; कधी चौदा; एकदा तर चाळीस,
तेव्हा प्रणय चौकात सांगायला धावला
आणि सांगून येईस्तोवर अंधार.
स्टॅक वाढवून पाहिला. टायमर बदलून पाहिला.
गोदामात बाया मिरचीची देठं खुडत होत्या,
इकडे शिंकत शिंकत मी पत्ते तपासत होते.

दहाव्या संध्याकाळी चिंधुजी तार गुंडाळत होते,
ओठांत मोजणी. फोन वाजला.
त्यांनी खडू उचलला, भिंतीवर लिहिलं, १४३.
त्याखाली: चोवीस गेज, तिसरी खाच, उलटी.
मग फोन घेतला, अगदी निवांत.
आकडा पुरला असता की, मी म्हटलं, बाकीचं कशाला?
"अवं मॅडम, नुसता आकडा लिवला
तं वापस आल्यावर हात दुसऱ्याच तारेवर जाते.
मोजनी बरोबर, अन् मोटर जळते."

मी कोडमधली ती बारीकशी पट्टी उघडली
जिथून एक टास्क जातो, दुसरा येतो.
खालचे चार रजिस्टर जपून ठेवत होते मी.
वरचे चार नव्हते.
थोराड चिप आठही एका दमात उचलते,
ह्या गरिबाचा हात वर पोचत नाही,
वरचे एकेक करून खाली आणून द्यावे लागतात.
मी हाताला आले तेवढेच घेतले होते.
आणि वरचे लागतात क्वचितच,
म्हणून अकरा मिनिटं. म्हणून कधी चाळीस.

रात्री दिवे तसेच चालू ठेवून शटर ओढलं.
सकाळी चिंधुजींचा फोन:
"लाईन गेली व्हती दोनदा. तुमचे दोन्ही पोट्टे जागेच हायेत."

भिंत मात्र मी त्यानंतर पहिल्यांदा नीट पाहिली.
शेकडो आकडे, तळव्याने पुसलेले, एकमेकांवर चढलेले,
आणि कोपऱ्यात, कॅलेंडरखाली, एक स्वच्छ: ८७.
सव्वीस गेज, पाचवी खाच, सुलटी.
कोणाची मोटर, त्यांना आठवत नाही.
पंखा असावा. आटाचक्कीची तर नक्की नाही.
दर दिवाळीला चुना मारताना
तेवढी टीचभर जागा सोडतात.
"येईन कोनी," म्हणतात,
"गेज हाय, खाच हाय.
आला, का अठ्ठ्याऐंशीपासून सुरू."