पाऊणकी

नकाशावरचं पहिलं वर्तुळ मी काढलं
जेवणाच्या डब्याचं झाकण ठेवून.
खरं नंतर यंत्राने काढलं,
पण ते पहिलं, जरासं तेलकट, अजून वहीत आहे.
हिंदळ्याच्या सड्याखालून निघतं,
मुणग्याला वळतं, आचऱ्याच्या खाडीखालून
दीडशे मीटर खोल जातं
आणि शिरगावच्या डोंगरांत हरवून
येतं परत निघाल्या जागी.
ऐंशी किलोमीटर.
कशाला एवढं, तर दोन कण
समोरासमोर येऊन फुटावेत म्हणून.
कण म्हणजे असे, की नाचणीचा दाणा
त्यांच्यापुढे सह्याद्री.

अशा तीन जागा आहेत. ही तिसरी.

आठ महिने भोकं पाडतोय.
वर जांभा, खाली शेडी, साबणासारखी,
मग काळा पाषाण, एकसंध,
हात फिरवत बसावं असा.
अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे
आंब्याच्या पेट्यांत ओळीने निजवतो.
एका पेटीवर अजून लिहिलेलं आहे:
पाच डझन, वाशी.

सकाळचे नऊ, ओहोटी.
शेवंती तारी खडपावर कालवं फोडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"आज चवथ. चार पाऊणे तीन.
तीनाक पाणी हंयसर येतला. मशीन उचला."
मी लॅपटॉप उघडला.
तीन वाजून आठ मिनिटं.

आठ मिनिटांसाठी आमच्याकडे
एक उपग्रह आहे.

मग मीही तिला माझी पाऊणकी सांगितली.
म्हटलं, चंद्र नुसतं पाणी ओढत नाही,
जमीनही ओढतो. हे खडप, तो सडा,
रोज दोनदा वीतभर वर येतात, खाली जातात.
कोयती थांबली.
"जमनीक पण भरती?"
हो.
"मगे माझी चूल पण वर येता?"
येते.
"भात सांडना नाय तो?"
सगळंच एकदम वर येतं, म्हणून कळत नाही.
"मगे तुमका कसा कळला?"

कसं कळलं.
दूरदेशी जमिनीखाली असंच एक वर्तुळ होतं,
त्यात कण धावायचे, आणि त्यांची ऊर्जा
दिवसातून दोनदा उगाच हलायची.
लोकांनी तारा तपासल्या, चुंबकं तपासली,
एकमेकांच्या चुका काढल्या.
शेवटी कुणीतरी वर बघितलं.
वर्तुळ मिलिमीटरभर ताणलं जात होतं.
तांदळाच्या दाण्याची जाडी असते, तेवढंच.

हे सांगताना मला वाटलं ती हसेल.
ती म्हणाली, "बरा," आणि पुढचं कालव फोडलं.

म्हणून हे तक्ते: पन्नास वर्षांच्या तिथ्या,
खडकाची प्रत्येक उसासणी, आगाऊ.
सगळं सुरळीत झालं तर पहिली टक्कर
सत्तेचाळीस वर्षांनी.
मी दोन वर्षांत निवृत्त.
तेव्हा रात्रपाळीला जी मुलगी हा तक्ता उघडेल
तिची आई आज बालवाडीत आहे,
कदाचित डबा सांडून रडते आहे.
तिला मी ओळखत नाही. तिच्यासाठी
दशांशानंतरचे सहा आकडे तपासतो,
चष्मा पुसून पुन्हा तपासतो.

अहवालात एक रकाना असतो: स्थानिकांचे आक्षेप.
विहिरींचं पाणी, कलमांची मुळं, सुरुंगाचे हादरे
सगळं नीट लिहिलं, सह्या घेतल्या.
खाली लिहिलं: श्रीमती तारी विचारतात,
भात का सांडत नाही.
टेंबुलकर बाई असलं काही ठेवत नाहीत.
मसुदा परत आला तेव्हा चौदा जागी लाल शाई होती
आणि या ओळीपुढे पेन्सिलीने:
राहू द्या.

मशीन आम्ही अडीचलाच उचललं.
भोक बुजवायचं राहिलं होतं.
पाणी आलं, काठाशी जरा थबकलं,
मग बुडबुडे काढत आत उतरलं.
मी घड्याळ बघितलं नाही.