डावा अंगठा

पांढरीपांडे काकांनी गाडी आधी आडवी केली,
लक्ष्मीनगरच्या अंगणात, जास्वंदीच्या वाफ्याशेजारी,
दोनशे सत्तर किलो, हळूच, म्हैस बसवावी तशी.
म्हणाले, उचला. उचलता आली तर पैशाचं बोलू.

मी सीटला पाठ लावली, गुडघे वाकवले,
एक हात हँडलला, एक मागच्या कडीला,
आणि लहान लहान पावलांनी उलटी चालत गेले.
उठली.
काकूंनी खिडकीतून पाहिलं आणि पन्हं पाठवलं.

एकावन्न वय. त्यातली सत्तावीस अजनीच्या शेडमध्ये.
जुन्या इंजिनात टॅप चेंजर पायरी चढायचा
तेव्हा खट्ट व्हायचं, बत्तीस वेळा,
आणि कुठली पायरी आजारी ते आम्ही डोळे मिटून सांगायचो.
मग थ्री-फेज आली. आता पडदा सांगतो.
कुणी रडलं नाही तेव्हा. मीही नाही.
मालगाड्या वेळेवर जायला लागल्या.

वर्धा रोडच्या शोरूममध्ये तीच गाडी, तिसरी पिढी.
पंचेचाळीस किलोंनी हलकी,
आणि चेहरा असा की कुणावर तरी डाफरते आहे.
शार्दूल नावाचा मुलगा म्हणाला,
किल्ली पर्समध्येच राहू द्या मॅडम, तिला कळतं.
पावसाचा मोड, लांबच्या रस्त्याचा मोड,
आणि हे बघा, हीटेड ग्रिप्स.
काचेपलीकडे सेहेचाळीस अंश होतं,
एक कुत्रा कारच्या सावलीबरोबर सरकत होता.
शार्दूलने बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि दोघंही हसलो.

गड्डीगोदामच्या खोब्रागडेंना विचारलं.
त्यांनी हात पुसले, आधी चहा सांगितला.
"जुनी तुमाले पाडन म्याडम, पन सांगून पाडन.
नवी पडूच देत नाही.
अन् पडली, त मंग मी काई कामाचा नाही,
लॅपटॉपवाल्याले बलवा."

दुसऱ्या रविवारी जुनी रामटेकला नेली.
डाव्या अंगठ्याने चोक, पूर्ण, मग अर्धा,
घसा खाकरून तिचं ते ठरवणं, आज यायचं की नाही.
कामठी, कन्हान. एकशे दहाला काटा थरथरतो,
केबलचा ताण तळहातात येतो
पतंगाच्या मांज्यासारखा.
गडाच्या पायथ्याशी एक माकड टाकीवर बसलं
आणि उठेचना. त्याचं ठरलेलं होतं.
माझंही जवळजवळ ठरलं होतं.

परतताना, मनसरच्या अलीकडे, नीलगाय.
मागचं चाक जाम झालं, गाडी तिरकी गेली,
नीलगाय निघून गेली, मी उभी राहिले.
डांबरावर काळी रेघ.
ती मी पावलांनी मोजली. एकोणीस.
मोजायची गरज नव्हती, पण शेडमध्ये
अशा वेळी आधी मोजतात, मग घाबरतात.

काकांना किल्ली परत दिली, रेघेचं सांगितलं.
त्यांनी फक्त विचारलं, कुठे?
मनसर म्हटल्यावर मान हलवली.
"मी पण तिथेच. रानडुक्कर होतं."
आणि कोपरापासून वर गेलेला पांढरा व्रण दाखवला,
जरा अभिमानानेच.

पीएफमधून पैसे काढले. नवी घेतली.
चूक केली असं वाटत नाही.
काकांची साकोलीच्या एका मुलाने नेली,
त्यालाही आधी आडवी करून दाखवली असणार.

आता डिसेंबर. सेमिनरी हिल्सवर पहाटे आठ अंश.
हीटेड ग्रिप्स लावते, शार्दूलला सांगणार नाही.
बटण दाबलं की लगेच चालू, कुरकुर नाही, प्रश्न नाही.
आणि डावा अंगठा, चांगला ऊबदार,
हँडलखाली काहीतरी चाचपत राहतो,
दोनच रविवारांची सवय,
मी त्याला चाचपू देते.