रीडिंग

नऊ टेकांवर वसलं म्हणतात हे गाव.
असेल. मला ते पोटऱ्यांतून पाठ आहे.
बावीस वर्षं मीटरचे आकडे टिपतोय,
आणि मीटर असतो
पाहुण्याला कधी नेत नाहीत तिथे:
जिन्याखाली, सरपणाच्या खोलीत,
नाहीतर सागवानी खांबावर,
कमळाच्या ऐन देठात खिळा ठोकून.

म्हणून कमळं मी टॉर्चनेच पाहिली.
एक पाकळी, दुसरी पाकळी,
तिच्याखाली ४१७३.

तिवंध्याच्या चौकात पाय आपोआप हलका पडतो.
खाली रहाड आहे.
तिच्यावर फळ्या, फळ्यांवर माती,
मातीवर मेथीच्या जुड्या, रिक्षा, एखादी वरात;
वर्षभर कुणाला आठवणही नसते
आपण कशावर उभे आहोत.
एका रंगपंचमीला मीही धप्पा मारला,
खाकी पँटीसकट.
दुसऱ्या दिवशी अख्ख्या आळीच्या बिलांवर
पिवळी बोटं.

तांबट आळीत वर बघायची गरज नाही.
ठोका बसका आला तर पत्रा नुकताच भट्टीतून निघालाय,
खणखणला की पुन्हा आत जाणार.
सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिथल्या ओसऱ्या
कानात झिणझिणतात.

नदीकडे उतरताना, उंबऱ्यापासून दीड पुरुष वर,
चुन्यावर तपकिरी रेघ: एकोणसत्तरचा पूर.
गल्लीतले सगळे मीटर रेघेच्या वर.
कुणी नियम केला नव्हता.
विमल निऱ्हाळींचा तेवढा खाली, गुडघ्याशी.
"ह्यांनी लावला. गोदेशी त्यांचं पटायचं."
दोनदा बुडला.
तिसरा आणला, तोही तिथेच.
मी दर महिन्याला त्या नवराबायकोपुढे
वाकतो आणि आकडा वाचतो.

त्यांच्या शेजारचं घर मागल्या पंधरवड्यात पाडलं.
उरलेल्या भिंतीवर तीन माड्यांचे रंग,
खाली गेरू, मधे निळा, वर पोपटी,
जिन्याचा तिरका माग,
काजळीसकट एक कोनाडा,
आणि हवेत, निळ्यावर,
मीटर.

बघून पुढे गेलो असतो तरी चाललं असतं.
तसंही दिवाळीनंतर नवे मीटर येणार,
ते आपले आकडे आपणच ऑफिसात कळवणार.
समोरच्या रंगाऱ्याची शिडी मागितली.
चढलो. काच बाहीने पुसली.
६०२१.
निळ्या भिंतीला एक खुंटी होती,
तिला धरून उतरलो.

फॉर्मवर शेरा लागतो.
'घर बंद' आहे छापलेलं,
'मीटर नादुरुस्त' आहे, 'कुत्रा' आहे.
'घर नाही' असं कुणी छापलेलं नाही.

खाली विटांच्या ढिगावर एक झोपला होता,
माझी चाहूल लागून एक कान हलवला त्याने.
मी 'कुत्रा'वर खूण केली.