मिनिटाला अठरा

हेर्नेतल्या आमच्या घराचं तळघर कोळशासाठी बांधलेलं.
आता तिथे समुद्र आहे, चारशे लिटर,
आणि त्याला टेकून एगॉनचं ते यंत्र:
गुडघ्याएवढं पारदर्शक नळकांडं,
आत मेलेल्या पोवळ्यांचा चुरा,
बाजूला कार्बन डायऑक्साइडची टाकी, आग विझवण्याच्या बंबासारखी.

"मेलेल्यांना विरघळवायचं, जिवंतांना भरवायचं,"
लग्नाच्या एकेचाळिसाव्या वर्षी त्याने मला समजावलं.
मी म्हटलं, सूप गार होतंय.

चुरा त्याने सात पाण्यांनी धुतला.
पाणी आधी दुधासारखं, मग ताकासारखं, मग नुसतं पाणी.
पहिल्या रविवारी झाकणातून गळती.
दुसऱ्या रविवारी पंपात हवा अडकली,
तो खडे चावल्यासारखा करकरत राहिला,
तेव्हा नळकांडं खांद्याशी तिरकं धरून
एगॉनने त्याच्या पाठीवर थापटलं,
आमच्या मुलींना ढेकर काढायला थापटायचा तसं.
तिसऱ्या रविवारी पहिला बुडबुडा.

जमिनीलगत एक मेणबत्ती. ही खाणीतली सवय.
"हा वायू जड असतो, रोसविता, पायांपासून चढतो.
ज्योत विझली की जिना चढायचा,
का विझली ते वर जाऊन विचारायचं."

नोव्हेंबरात त्याला बोखुमला नेलं.
बत्तीस वर्षांची दगडाची धूळ, छातीत, घट्ट.
तिथून फोन: बुडबुडे किती?
मी मोजून सांगते, चाळीस.
फोनवर नुसता श्वास. मग:
"तू त्यांना सोडा पाजते आहेस, बाई!
केसाएवढी फिरव. मग चोवीस तास हात मागे."

मी केसाएवढी फिरवली.
कुणाच्या केसाएवढी, ते त्याने सांगितलं नव्हतं.

पाच मिलीलिटर पाणी, थेंबाथेंबाने औषध:
निळं, निळं, निळंच,
आठव्याला पिवळं व्हायला हवं, तर अकराव्याला झालं.
नळकांड्यात चुऱ्याची लापशी,
आणि जांभळ्या फांदीची टोकं पांढरी,
इस्त्रीवर बोट भाजावं तशी.
घाबरून चावी इतकी आवळली
की दोन दिवस बुडबुडाच नाही.
मग पाचव्याच थेंबाला पिवळं.
मी तळघराच्या पायरीवर बसून
त्या यंत्राला पोलिश शिव्या दिल्या,
त्याच्या आजीकडून आलेल्या, तिन्हीच्या तिन्ही.

पस्तीस. नऊ. तेवीस. चौदा.
त्याच्या वहीत त्याच्या शाईच्या आकड्यांखाली
माझे पेन्सिलीचे, खोडलेले, परत लिहिलेले.
डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी: अठरा.
नळीतून सेकंदाला एक थेंब,
त्या पाण्याला पिवळं व्हायला बावीस थेंब,
टाकीतल्या पाण्याला आठ.
मी पुन्हा मोजलं. आठ.
ही बातमी सांगायला घरात कुणी नव्हतं,
म्हणून खेकड्याला सांगितली.

दगडाला पाझर फुटतो, हे मी रोज पाहते,
डोळ्यांसमोर, रात्रीसुद्धा, विजेच्या बिलावर.
गुरुवारी डॉक्टर आयतेकिनना विचारलं.
त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, अगदी चावीसुद्धा.
मग म्हणाल्या, तो दगड वेगळा, फ्राऊ श्ताखोवियाक.
आणि खिडकीची झडप उगाच बंद केली.

तो झोपला होता.
हात घड्याळावर आपोआप गेला,
एक मिनिट, ओठ न हलवता.
सत्तावीस.
पलंगाच्या चारही बाजूंनी पाहिलं,
कुठे काही फिरवण्यासारखं आहे का.

परवा पांढऱ्या टोकावर जांभळं काहीतरी दिसलं,
जवाच्या दाण्याच्या निम्मं.
कदाचित दिव्याचा रंग असेल. मी वहीत लिहिलं नाही.

संध्याकाळी फोन.
"किती?"
अठरा.
"काल?"
कालही अठरा.
बराच वेळ तो त्या आकड्यावर टेकून राहिला,
मागे नर्सची ट्रॉली, चमच्यांचा आवाज.
"मग हात लावू नकोस," म्हणाला.
"आणि मेणबत्ती?"
आहे, मी म्हटलं. जळते आहे.