लांबी

सर्जेकोटच्या सोसायटीत, बर्फाच्या गोदामाला लागून
एक टेबल, एक लॅपटॉप.
खारानं 'ए'चं बटण दोनदा दाबावं लागतं.

आधी मी चौकोनी ॲरे मांडला:
अकरा होड्या, प्रत्येकीला वीस रकाने.
कुबलांचे तीन टप बांगडे, आडकरांचे सतरा,
बाकी शून्यं, शिस्तीत बसलेली.

सुलोचना खोबरेकरीण हिशोब बघायला आली,
स्क्रीनवर ओलं बोट टेकवलंन.
"वायंगणकर गेलोच नाय दर्यार.
मगे शून्य कित्याक लिवलंस?"

रात्री चौकोन मोडला.
बाहेरच्या ॲरेत नुसत्या होड्या,
आत ज्याची त्याची ओळ, जेवढी मासळी तेवढी.
डावी कड सरळ, उजवी
ओहोटीनं वाळूवर सोडलेल्या ओल्या रेघेसारखी.
रिकामी परतली तिची लांबी शून्य,
पण ओळ आहे.
गेलीच नाही, तिथं नल.

पहाटे लिलावाच्या तोंडावर
लूप चौथ्या होडीवर आपटला.
लाल अक्षरं. बायका टोपल्या घेऊन खोळंबल्या.
मी नललाच विचारत होतो,
तुझी लांबी किती?

बाहेर सुलोचना गुडघाभर पाण्यात.
प्रत्येक होडीला तिचे दोनच प्रश्न,
कधी उलटे न होणारे:
"इली?"
आणि इली असेल तरच,
"काय गावला?"

मी एक 'इफ' घातला.

वायंगणकराची होडी माडाखाली पालथी आहे,
तळाला डांबर लागतंय.
सोमवारी तिला 'न्यू' म्हणेन.