गाडीतळावरची मोजणी

सकाळी सहा ते दुपारी दोन.
हडपसरच्या पुलाखाली खांबाला पाठ लावून
मी गाड्या मोजते.
रोजचे साडेचारशे, जेवण आपलं आपलं.
पॅडवर आठ रकाने :
दुचाकी, रिक्षा, चारचाकी, टेम्पो,
ट्रक, पीएमपी, सायकल, इतर.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
की झाली एक जुडी,
मेथीची असते तशी.

या जुड्यांवरून म्हणे ठरणार आहे
मेट्रो कुठून वळेल, कुणाचं दुकान जाईल.
मला पेन्सिल जपून धरावीशी वाटते.

ढमाले सुपरवायझर म्हणाले होते, चेहरे बघायचे नाहीत.
चेहरे बघितले की आकडा चुकतो.
खरंच चुकतो.
पहिल्याच दिवशी स्कूटरवर मागे बसलेली एक बाई
नारळाचं रोप मांडीत धरून चालली होती,
पदरानं त्याला वारा लागू न देता.
तेवढ्यात माझ्या सतरा दुचाकी गेल्या.
त्या सतराजणांची शहराकडे नोंद नाही.
पोचले असतील.

पुलावरून जाणारे माझ्याकडे नाहीत.
त्यांना कॅमेरा मोजतो.
मला फक्त आवाज येतो वरून,
काँक्रीटच्या सांध्यावर धडक-धडक,
आणि एकदा पाण्याची अर्धी बाटली आली.

सायकलचा रकाना सगळ्यात स्वच्छ.
अप्पा सांगतात, कंपनीचा भोंगा झाला
की रस्ताभर नुसती हँडलं दिसायची.
तीन दिवसांत माझ्या एकतीस.
पैकी दोन टेम्पोत आडव्या पडलेल्या.
त्या कशात धरायच्या, विचारलं.
ढमाले म्हणाले, टेम्पोत.

तिसऱ्या दिवशी, दहा चाळीसला,
भेकराईनगरहून मनपाला निघालेली बस
ऐन चौकात बंद पडली.
ड्रायव्हरनं किल्ली फिरवली, ती खोकली,
पुन्हा फिरवली, खोकलीसुद्धा नाही.
मागे हॉर्नचा ढीग.
कंडक्टर गुंजाळबाई खाली उतरल्या,
तिकिटाचं मशीन पोटाशी घेतलं, म्हणाल्या,
उतरा सगळे. आणि उतरलाच आहात तर हात लावा.

लावले.
डबा दातात धरून एकानं.
टाय लावलेल्या पोरानं आधी टाय खांद्यावर टाकला.
रात्रपाळी करून चाललेल्या नर्सनं
डोळे मिटून खांदा लावला, जणू तिथंच झोपणार.
एका आजोबांनी काठीचं टोक नुसतं टेकवलं पत्र्याला.
तेही ढकलणंच.
आणि ती हलली.
एवढी मोठी बस, आणि इंजिनाचा आवाज नाही,
फक्त चपलांचा.

मी पीएमपीत एक रेघ मारली.
मग पेन्सिल तशीच राहिली हवेत.
पायी माणसाला रकाना नाही. मला ते तोवर कळलंच नव्हतं.
मोजले. तेवीस.
आजोबांना धरून.
'इतर'मध्ये चार जुड्या, वर तीन.

दोन वाजता ढमाले आले, कागद उलटा-सुलटा केला.
इतर तेवीस? हत्ती आले होते का गं?
सांगितलं.
त्यांनी खोडरबर काढला, खिशात ठेवला.
म्हणाले, मग झाली का चालू?
माहीत नाही, म्हटलं.
बस खांबापलीकडे वळली. तिथून तुमच्या शिर्केची हद्द.

पॅड नौशीनच्या हातात दिलं.
समोरच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले.
फुरसुंगीची बस, येईल तेव्हा.
पत्र्याच्या सावलीत आम्ही नऊजण, मग तेरा.
पाऊण तासानं मोजणं आपोआप सुटलं.
पलीकडे नौशीन, खांबाला पाठ लावून.
मी हात केला.
तिनं केला नाही.
बरोबर आहे तिचं.
चेहरे बघायचे नाहीत.