डावी झडप

उजवी झडप शहाणी निघाली.
डावी अर्ध्यावर येते, थबकते,
काहीतरी घरीच विसरल्यासारखी मागे फिरते.

मोटर बसवून आज तिसरा दिवस.
बोफर्ट वेस्टच्या पुढे, जिथे वाऱ्याला अडवायला
एक झाड नाही,
डिर्क जमिनीवर पालथा, दातांत स्क्रूड्रायव्हर.
बॅटरी ठीक. बिजागऱ्यांना ग्रीस.
जोराचा स्क्रू पाव फेरा उजवीकडे,
मग चिडून आणखी पाव.
झडप सुटली ती थेट बादलीवर.
पुन्हा डावीकडे.

"वाऱ्यालाच माणूस समजते ती," फेझिले म्हणाला,
"भित्री आहे, एवढंच."

संध्याकाळी डबा उघडला, तर
सर्किटवर मुंग्यांचा संसार,
उबेला आलेल्या, अंड्यांसकट.
डिर्क म्हणाला, विष नको.
जुन्या टूथब्रशनं हलवलं त्यांचं बिऱ्हाड.
कॉफी निवून गेली.

मग हेस्टर गाडीत बसली.
चव्वेचाळीस वर्षं फाटक उघडायला तीच उतरायची.
ड्रायव्हरशेजारी जो बसेल त्याचं ते काम,
इथला रिवाजच.
पोटुशी असताना उतरली, गारपिटीत उतरली,
भांडण झालं असेल तर
मुद्दाम सावकाश.
आता गुडघा वाकत नाही.

तिनं रिमोट दाबला.
उजवी निघाली. दोन सेकंदांनी डावी,
अर्ध्यावर जराशी थरथरली
आणि पुरती उघडली.

डिर्कनं गिअर टाकला.
हेस्टरचा हात
गाडीच्या दाराच्या कडीवर.